लैंगिक कलाविषयीचा मंत्रचळ : निदान, सापेक्ष निदान आणि चिकित्सेतील पथ्ये

मंत्रचळ म्हटला की हात धुऊन धुऊन सालपटे निघालेली गृहिणी, कुलूप लावून निम्म्या वाटेवरून परत फिरणारा कारकून, सोवळ्याओवळ्यापायी घरादाराला जेरीस आणणारे वृद्ध असे रुग्ण आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. त्यांचे निदान करण्यास फारसे कौशल्य लागत नाही. घरची मंडळीच ते करून आणतात. परंतु आधुनिक मानसरोगशास्त्र ज्याला ओसीडी म्हणते त्या या व्याधीचे एक रूप असे आहे की, त्यात रुग्णाचे हात कोरडे असतात, कुलूपही तो एकदाच लावतो, आणि तरीही दिवसातले कित्येक तास तो एकाच प्रश्नाभोवती फिरत राहतो. ‘मी समलिंगी तर नसेन ना?’ हा तो प्रश्न. प्रस्तुत लेखात या रूपाचा विचार करावयाचा आहे.

विषय संकोचाचा आहे, आणि हा संकोच पुष्कळदा रुग्णापेक्षा वैद्यालाच अधिक वाटतो असा आमचा अनुभव आहे. असे रुग्ण बहुधा प्रथम मानसरोगतज्ज्ञाकडे जात नाहीत. ते आपल्याकडे येतात. वाजीकरण हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक आहे हे लोकांना ठाऊक असते, आणि औषधालयात नाव-गाव न सांगता शक्तिवर्धक औषध मिळते हेही ठाऊक असते. तेव्हा या रोग्याला पहिला सल्ला कोण देतो आणि काय देतो, यावर त्याची पुढची काही वर्षे अवलंबून असतात.

रुग्णाचे चित्र

पुढील चित्र कोणा एका व्यक्तीचे नाही. ओळख राहू नये म्हणून अनेकांचे तपशील त्यात एकत्र केले आहेत.

वय पंचविशीच्या आसपास. शिक्षण पूर्ण, नोकरी लागलेली, घरी स्थळे पाहणे सुरू झालेले. पहिल्या भेटीत तक्रार निद्रानाशाची, मलावष्टंभाची, छातीतील धडधडीची. शिवाय ‘विचार फार येतात’. कसले विचार, असे पुसल्यास उत्तर ‘असेच’. दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत, आई बाहेरच्या बाकावर बसलेली असताना, तो मान खाली घालून विचारतो, ‘वैद्यराज, पुरुषाला पुरुषाचे आकर्षण असेल, तर ते नाडीवरून कळते का?’

मग हळूहळू इतिहास बाहेर येतो. वयात आल्यापासून त्याला मुलींचेच आकर्षण वाटत आले आहे. महाविद्यालयात एकीवर मनही जडले होते. सहा-आठ महिन्यांपूर्वी कार्यालयातील एका सहकाऱ्याकडे पाहताना मनात चमकून गेले, ‘हा मला आवडला की काय?’ इतरांच्या मनात असा विचार येतो आणि जातो. याच्या मनात तो रुतला. त्या दिवसापासून तपासणी सुरू झाली. रस्त्याने स्त्री दिसली की मनात काय उमटते आणि पुरुष दिसला की काय उमटते, याची तुलना. जननेंद्रियाच्या ठिकाणी काही संवेदना झाली का, याकडे सतत लक्ष. मोबाइलवर चित्रे पाहून स्वतःची परीक्षा. लहानपणीच्या खेळांच्या आठवणी उकरून त्यांचा नव्याने अर्थ लावणे. आपली चालण्याची ढब आरशात न्याहाळणे. पुढे टाळाटाळ आली. व्यायामशाळा सुटली, केस कापून घेताना न्हाव्याचा हात मानेला लागतो म्हणून तेही लांबू लागले, जिवलग मित्राच्या खांद्यावर हात टाकणे बंद झाले. आणि रात्री अंथरुणात पडल्यावर दिवसभराच्या सर्व पुराव्यांची उजळणी.

ही उजळणी, तुलना, परीक्षा हाच त्याचा हात धुण्याचा विधी आहे. तो मनातल्या मनात चालतो म्हणून कोणाला दिसत नाही, एवढाच फरक. पूर्वी अशा रुग्णांना ‘केवळ विचारांचा’ ओसीडी आहे असे म्हणत. बारकाईने विचारले असता विधी सापडतातच, असे आता मानले जाते. प्रश्न विचारणे हाही विधीच आहे. नाडीविषयीचा तो प्रश्न त्याने आणखी दोन-तीन ठिकाणी विचारलेला असण्याची शक्यता मोठी आहे.

स्त्रियांतही हा विकार आढळतो. तेथे प्रश्न मैत्रिणीविषयी, वसतिगृहातील सोबतिणीविषयी असतो, आणि तो वैद्यापर्यंत पोहोचण्यास आणखी वेळ लागतो. अमेरिकेत ओसीडीच्या ४०९ रुग्णांच्या माहितीचे विश्लेषण २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात लैंगिक कलाविषयीचे अनिवार्य विचार त्या वेळी असलेले सुमारे ८ टक्के आणि आयुष्यात केव्हातरी होऊन गेलेले सुमारे १२ टक्के रुग्ण आढळले. पुरुषांचे प्रमाण अधिक होते. म्हणजे ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे. ओसीडीचे दहा-बारा रुग्ण ज्याने पाहिले, त्याच्यासमोरून असा एक रुग्ण बहुधा गेला आहे. तो ओळखला गेला की नाही, हा निराळा प्रश्न.

जन्मतः समलिंगी कल असलेल्या, आणि तो स्वीकारून शांतपणे जगणाऱ्या व्यक्तीलाही हाच रोग होतो. तिचा प्रश्न उलटा असतो : ‘मी खरे तर समलिंगी नसलोच तर?’ हे उदाहरण अवश्य ध्यानात ठेवावे. रोग कलात नाही, संशयात आहे, हे त्यावरून जितके स्पष्ट होते तितके अन्य कशानेही होत नाही.

संशय : प्रमाणाने फिटणारा आणि न फिटणारा

चरकाने विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात वादमार्गाची पदे सांगताना संशयाचा समावेश केला आहे, आणि त्याच ठिकाणी व्यवसाय, म्हणजे निश्चय, हेही पद सांगितले आहे. अकालमृत्यू आहे की नाही, हे तेथील संशयाचे उदाहरण. असा संशय ही ज्ञानाची पहिली पायरी होय. प्रत्यक्ष, अनुमान, आप्तोपदेश या प्रमाणांनी तो फिटतो आणि बुद्धी निश्चयाला येते.

आपल्या रुग्णाचा संशय या जातीचा नाही. त्याच्यापुढे प्रमाण ठेवले की तो काही क्षण शांत होतो, आणि लगेच त्या प्रमाणाविषयीच नवा संशय काढतो. ‘तुम्ही म्हणता ते खरे, पण मी तुम्हाला सगळे नीट सांगितले का?’ एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच वैद्यांनी या रोगाला ‘संशयाचे वेड’ असेच नाव दिले होते. लग्राँ द्यु सोल यांचा त्यावरील ग्रंथ १८७५ चा आहे.

मनाचे विषय सांगताना चरक चिंत्य, विचार्य, ऊह्य, ध्येय आणि संकल्प्य असा क्रम देतो, आणि त्यापुढे बुद्धीचे कार्य निश्चयाचे मानतो. स्वस्थ मनुष्यात चिंत्य उत्पन्न होते, त्यातील निरर्थक ते गळून पडते, उरलेल्यावर बुद्धी निर्णय देते. या व्याधीत क्षुल्लक चिंत्य गळून पडत नाही. बुद्धी त्याला निर्णयाच्या योग्यतेचे समजते आणि निर्णय देऊ शकत नाही. मनात भलते विचार येणे हा मात्र रोग नव्हे. रॅकमन आणि डि सिल्वा यांनी १९७८ मध्ये दाखविले की, कोणताही मानसरोग नसलेल्या व्यक्तींपैकी सुमारे ८० टक्के लोकांच्या मनात अशोभनीय, हिंसक किंवा लज्जास्पद विचार अनाहूतपणे येतात, आणि त्यांचा आशय रुग्णांच्या विचारांहून फारसा वेगळा नसतो. पुढे सॅल्कॉव्हस्किस यांनी १९८५ मध्ये मांडले की, रोग विचारातून नव्हे, तर त्या विचाराला दिलेल्या अर्थातून आणि त्यामुळे अंगावर घेतलेल्या जबाबदारीतून उत्पन्न होतो.

अतत्त्वाभिनिवेश म्हणावा काय?

आयुर्वेदीय लेखनात ओसीडीचे साम्य अतत्त्वाभिनिवेशाशी जोडण्याची प्रथा पडली आहे. चरकाने चिकित्सास्थानाच्या दहाव्या अध्यायात, अपस्माराच्या शेवटी, हा महागद सांगितला. रज-तमाने आवृत झालेले मन, हृदयाश्रित दोष, बुद्धीची विषमता, आणि नित्याला अनित्य व हिताला अहित समजणे हे त्याचे स्वरूप. बुद्धीच्या विषमतेपुरते साम्य आम्हालाही मान्य आहे. परंतु ‘अभिनिवेश’ या पदात दृढ आग्रह आहे. अतत्त्वालाच तत्त्व मानून तो मनुष्य ठाम असतो. आपला रुग्ण ठाम नाही, हेच तर त्याचे दुःख आहे. आपला विचार अवास्तव आहे हे बहुतेक रुग्ण जाणतात. काहींत ही जाणीव क्षीण होते किंवा नाहीशी होते, आणि २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत तशी वेगळी नोंद करण्याची सोय आहे. अशा जाणीव गमावलेल्या रुग्णाला अतत्त्वाभिनिवेश म्हणावे, इतरांना चित्तोद्वेगाच्या वर्गात ठेवून चिकित्सेचा विचार करावा, असे आमचे मत आहे. जाणकारांनी यावर अधिक ऊहापोह करावा.

उन्मादनिदानातील एक पद येथे फार उपयोगी पडते. मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा आणि आचार या आठांचा विभ्रम म्हणजे उन्माद. येथे भक्ती म्हणजे आवड, इच्छा. प्रस्तुत रुग्णाची भक्ती बदललेली नसते. आजवर त्याला जे आवडत होते तेच आवडते; ती आवड जाईल, किंवा ती खोटी होती असे ठरेल, या भयाने तो पछाडलेला असतो. भक्ती शाबूत आणि निश्चय नष्ट, एवढे सूत्र निदानाच्या वेळी मनाशी ठेवावे.

शंकाविषाचा दृष्टांत

रुग्णाचा सर्वांत भक्कम पुरावा शरीराचा असतो. ‘तो जवळ बसला तेव्हा मला खाली काहीतरी जाणवले. शरीर खोटे बोलेल का?’ या युक्तिवादापुढे कित्येक वैद्य निरुत्तर होतात. वास्तविक याचे उत्तर आपल्याच विषचिकित्सेत आहे. चरकाने शंकाविष वर्णन केले आहे. दाट अंधारात मनुष्याला काहीतरी टोचते, विषारी प्राणी चावला अशी शंका येते, आणि विष नसतानाही ज्वर, छर्दी, मूर्च्छा, दाह ही लक्षणे प्रकट होतात. लक्षणे खोटी नाहीत. त्यांचे कारण मात्र विष नाही.

शरीराच्या कोणत्याही भागाकडे भयाने आणि एकाग्रतेने लक्ष लावले की तेथे काही ना काही जाणवतेच. जिभेला दात कसे लागतात याकडे पाच मिनिटे लक्ष द्यावे, म्हणजे वाचकांस याचा प्रत्यय येईल. जननेंद्रियाच्या बाबतीत भर अशी की, तेथील रक्तसंचार स्वायत्त नाडीसंस्थेच्या अधीन आहे. भय, उत्कंठा, अपेक्षा या सर्वांचा त्यावर परिणाम होतो, आणि तेथील प्रतिक्रिया म्हणजे इच्छा असे समीकरण मांडता येत नाही. हे शारीर स्पष्टीकरण रुग्णाला एकदा, नीट, सावकाश द्यावे. एकदाच. तेच दहाव्यांदा दिले की ते औषध राहत नाही. असे का, ते पुढे येईल.

सापेक्ष निदान

तीन अवस्था वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

पहिली, वर सांगितलेला मंत्रचळ. दुसरी, खरोखर समलिंगी किंवा उभयलिंगी कल असलेली आणि तो स्वतःपाशी किंवा समाजापाशी कबूल करण्याचे ओझे वाहणारी व्यक्ती. या दोहोंतील भेद प्रश्नांनी उलगडतो. दुसऱ्या प्रकारच्या व्यक्तीच्या स्मृतीत ओढ असते. कोणाच्या तरी सहवासाची हुरहुर, कल्पनेतले सुख, त्या व्यक्तीपासून दूर गेल्याचे दुःख असते. तिला भय असते ते आईवडिलांचे, लग्नाच्या बोलण्याचे, लोकांचे. मंत्रचळाच्या रुग्णाच्या इतिहासात अशी ओढ नसते. असते ती तपासणी. तो विचार आल्यावर त्याला सुख होत नाही, धडकी भरते, आणि समाजाने उद्या सर्व मान्य केले तरी त्याचा प्रश्न सुटत नाही. आणखी एक खूण अशी की, त्याच्या पूर्वेतिहासात पुष्कळदा अन्य विषयांचे संशय होऊन गेलेले असतात. दहावीच्या परीक्षेच्या वेळी उत्तरपत्रिकेवर क्रमांक लिहिला की नाही, नंतर देवाविषयी मनात आलेले अपशब्द, त्यानंतर एचआयव्हीची धास्ती आणि पुन्हा पुन्हा केलेल्या रक्तचाचण्या. विषय बदलतो, चाकोरी तीच राहते.

हा भेद दर वेळी एका भेटीत होईल असे नाही. ओसीडी आणि समलिंगी कल एकाच व्यक्तीत असू शकतात. अशा वेळी कल कोणता हे ठरविणे हे वैद्याचे काम नाही, हे स्पष्ट ठेवावे. ते त्या व्यक्तीला, संशयाचा जोर ओसरल्यावर, स्वतःच कळते.

तिसरी अवस्था आपल्या परिचयाची, धातुदोषाची धास्ती. शुक्रक्षयाच्या भयाने येणाऱ्या अशक्तपणाला डॉ. न. ना. विग यांनी १९६० मध्ये धात सिंड्रोम हे नाव दिले. या रुग्णाला आपल्या शरीराचे सार जात आहे याची खात्री असते, तर प्रस्तुत रुग्णाला कशाचीच खात्री नसते. दोन्ही तक्रारी एकत्र असतील, तर कोणत्या विचारात दिवस अधिक जातो हे विचारावे.

अवसाद तर यांतील कोणाही बरोबर येतो. म्हणून जीव नकोसा वाटतो का, हे प्रत्येकाला सरळ शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार मनात भरतो, ही समजूत चुकीची आहे. होकार आल्यास त्याच दिवशी घरातील जबाबदार व्यक्तीला विश्वासात घ्यावे आणि मानसरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. मात्र नातेवाइकाला जिवाच्या धोक्याविषयी सांगावे. विचारांचा आशय रुग्णाच्या संमतीवाचून सांगू नये.

समलिंगी कल हा रोग नाही, हे या पानांवर निःसंदिग्धपणे लिहिणे आम्हास आवश्यक वाटते, कारण अजूनही काही ठिकाणी त्याची ‘चिकित्सा’ केली जाते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेने १९७३ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये तो रोगांच्या यादीतून काढला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर आणले. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये कल बदलण्याच्या तथाकथित उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. तो आदेश आधुनिक वैद्यकाच्या परिषदांना उद्देशून होता, म्हणून आपण त्यातून सुटलो असे कोणी समजू नये. मंत्रचळाच्या रुग्णाच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचे आहे. ‘ती कीड तुला नाही, निश्चिंत राहा’ अशा भाषेत त्याला धीर दिला, तर तो ज्या गोष्टीला भितो ती भिण्याजोगीच आहे असे आपण शिक्कामोर्तब करतो, आणि भय दुप्पट होते.

धीर देण्यातील धोका

आता मुख्य मुद्दा. ‘तू समलिंगी नाहीस’ हे वाक्य या रोगातील अपथ्य आहे.

हे विधान विचित्र वाटेल. उन्मादचिकित्सेत सांत्वन सांगितले आहे, शंकाविषातही रुग्णाला धीर आणि हर्ष देण्यास सांगितले आहे. मग येथेच सांत्वन निषिद्ध का? कारण शंकाविषाची शंका एका घटनेपुरती असते. सांत्वनाने ती शमते आणि मनुष्य घरी जातो. मंत्रचळात सांत्वनाने मिळणारा आराम काही मिनिटांचा किंवा फार तर काही तासांचा असतो, आणि तो आराम हेच पुढच्या प्रश्नाचे बीज असते. संशय आला, विचारले, बरे वाटले. म्हणून पुन्हा संशय आला की पुन्हा विचारावेसे वाटते. हात धुणाऱ्या रुग्णाला आपण पाणी ओतून देत नाही. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर देणे म्हणजे पाणी ओतून देणेच होय.

हे अपथ्य अनेक रूपांत दिले जाते. नाडी पाहून ‘सर्व उत्तम’ असा निर्वाळा देणे, वीर्यतपासणी करविणे, ‘लग्न करून टाक, आपोआप कळेल’ असा सल्ला. शेवटचा सल्ला सर्वांत घातक. लग्न हीच मग एक मोठी तपासणी होऊन बसते. पहिल्या रात्रीच्या भयाने जे अपयश येते ते अखेरचा पुरावा म्हणून नोंदले जाते, आणि ज्या मुलीचा या सर्वांशी काही संबंध नव्हता तिचे आयुष्य त्यात सापडते.

विचार दडपून टाकण्याचा उपदेशही असाच उलटतो. वेग्नर यांनी १९८७ मध्ये केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, असे सांगितले. तो त्यांच्या मनात वारंवार आला, आणि नंतर विचार करण्याची मुभा मिळाल्यावर तर, ज्यांना प्रथमपासून मुभा होती त्यांच्यापेक्षाही अधिक आला.

मग सत्त्वावजयाचे काय? अहित अर्थांपासून मनाचा निग्रह अशी चरकाने त्याची व्याख्या केली आहे. आमच्या मते या व्याधीत ‘अहित अर्थ’ कोणता हे नीट ठरविले पाहिजे. अनाहूत आलेला विचार अहित नाही. त्याच्यावर आपली सत्ता चालत नाही आणि तो निरुपद्रवी आहे. अहित आहे ती तपासणी, तुलना, उजळणी आणि पृच्छा. धृतीचा उपयोग तेथे करावयाचा. विचार येऊ द्यावा, त्याला उत्तर देऊ नये, आणि हातातले काम चालू ठेवावे. व्हिक्टर मायर यांनी लंडनमध्ये १९६६ साली ज्या दोन रुग्णांचे वृत्त प्रसिद्ध केले, त्यांच्या उपचाराचे सार हेच होते. ज्याचे भय वाटते त्याला सामोरे जावयाचे आणि त्यानंतरचा विधी करावयाचा नाही. या पद्धतीला आज ईआरपी म्हणतात, आणि ओसीडीच्या मानसोपचारांत तिचा आधार सर्वांत भक्कम आहे.

प्रत्यक्षात हे प्रशिक्षित चिकित्सकाने पायरीपायरीने करावयाचे असते. टाळलेल्या गोष्टींची यादी होते. सोप्या पायरीवर केस कापून घेणे, मित्राशेजारी बसून चहा घेणे. वरच्या पायरीवर ‘माझा कल काय आहे, हे मला आज निश्चित सांगता येत नाही’ हे वाक्य लिहून खिशात ठेवणे आणि त्याचे मनातल्या मनात खंडन न करणे. अस्वस्थता चढते, विधी न करता तिच्यासह राहता येते, हे रुग्ण अनुभवाने शिकतो. समलिंगी व्यक्तींची टवाळी होईल, किंवा रुग्णाला अश्लील चित्रे पाहावी लागतील, अशा पायऱ्या आम्हास अनावश्यक वाटतात.

जेथे असा चिकित्सक जवळ नाही तेथे वैद्याने निदान पृच्छेचे पथ्य सांभाळावे. रुग्णाशी आधी ठरवून घ्यावे : ‘हा प्रश्न तुम्ही पुन्हा विचाराल तेव्हा मी उत्तर देणार नाही. हा संशय बोलतो आहे, एवढेच म्हणेन आणि तुमच्या झोपेविषयी विचारेन.’ घरच्यांनाही, रुग्णाच्या संमतीने, हेच शिकवावे. रागावून नव्हे; मधुमेह्याला साखर न देणारी आई जशी रागावलेली नसते, तसे. अतत्त्वाभिनिवेशात चरकाने आप्तसुहृदांनी रुग्णाला विज्ञान, धैर्य, स्मृती आणि समाधी यांची जोड करून द्यावी असे म्हटले आहे. त्यातील विज्ञान एकदा द्यावयाचे आणि धैर्य रोज, असा आम्ही त्याचा विनियोग करतो.

औषधांविषयी

निद्रा, कोष्ठ आणि अग्नी यांची दुरुस्ती हे आपले हक्काचे क्षेत्र आहे, आणि त्याने रुग्णाचे बळ वाढते. शिरोभ्यंग, पादाभ्यंग, शिरोधारा, ब्राह्मी, शंखपुष्पी, जटामांसी, पुराणघृताचे कल्प यांचा उपयोग चित्तोद्वेगात करावा. त्याने संशयाची चाकोरी मोडते असा दावा मात्र करू नये. अश्वगंधेविषयी, आधुनिक औषध चालू असताना जोड म्हणून दिल्याने लाभ झाल्याचा ३० रुग्णांचा छोटा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. तेवढ्यावरून मोठा निष्कर्ष काढता येत नाही, आणि यकृत किंवा अवटु ग्रंथीचा विकार असलेल्यास ती जपून द्यावी. सर्पगंधा या रुग्णांना देऊ नये. तिच्यातील रिसर्पिनने अवसाद वाढण्याचा धोका आहे.

मध्यम आणि तीव्र रोगात एसएसआरआय वर्गातील औषधांची गरज लागते. फ्लुओक्सेटिन, फ्लुव्होक्झामिन, सर्ट्रालिन ही त्यांतील नेहमीची. अवसादापेक्षा येथे मात्रा बहुधा अधिक असते आणि गुण येण्यास दहा-बारा आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून रुग्ण आपल्याकडे परत आला, तर औषध सोडण्यास सांगू नये.

औषधालयचालकांसाठी दोन गोष्टी येथे विशेष महत्त्वाच्या आहेत. एसएसआरआयने कामेच्छा मंदावते आणि वीर्यस्खलनास विलंब होतो. सामान्य रुग्णाला ही गैरसोय वाटते. या रुग्णाला तो पुरावा वाटतो. ‘पत्नीजवळ गेलो तरी काही वाटत नाही, म्हणजे ते खरेच आहे.’ मग तो गोळ्या एकाएकी बंद करतो, त्यामुळे चक्कर, बेचैनी, निद्रानाश होतो, आणि तो वाजीकरण कल्पाची डबी मागण्यास दुकानात येतो. मानसिक औषधे चालू आहेत का, एवढा एक प्रश्न हलक्या आवाजात विचारला तरी पुष्कळ अनर्थ टळतो. दुसरे असे की, क्रौंचबीजात लेव्होडोपा असते. मानसरोगावरील काही औषधांच्या कार्याच्या ते विरोधी जाते, म्हणून तज्ज्ञाला न कळविता असे कल्प देऊ नयेत. शिवाय वाजीकरणाची डबी ही या रुग्णाच्या हाती पडलेली आणखी एक मोजपट्टी असते. घेतल्यावर काय वाटले, किती वाटले, कोणाविषयी वाटले, हे तो मोजत बसतो. कामशक्तिवर्धक औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधी व जादुई उपाय कायद्याने मनाई आहे, याचेही स्मरण काउंटरवरील फलक लावताना असावे.

पाठवणी

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये मानसिक आरोग्य व्यावसायिकाच्या व्याख्येत मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तर वैद्यांचा समावेश आहे. इतर वैद्यांनी मानसरोगतज्ज्ञाशी जोडून काम करावे. ज्याच्या तालुक्यात तज्ज्ञ नाही त्याला टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. ही शासकीय सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि विनाशुल्क आहे.

रोगाची तीव्रता मोजण्यासाठी १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेली येल-ब्राउन श्रेणी वापरतात. दहा प्रश्न, प्रत्येकास ० ते ४ गुण, एकूण ४०. १६ किंवा त्याहून अधिक गुण असल्यास पाठवणी लांबवू नये. पत्रात पुढील माहिती असावी : विचार प्रथम केव्हा आला, दिवसातील किती तास जातात, कोणते विधी आहेत आणि त्यांतील कोणते केवळ मनात चालतात, काय काय टाळले जाते, यापूर्वी कोणत्या विषयांचे संशय होऊन गेले, आत्मघाताविषयी विचारले असता काय उत्तर आले, आणि आपण कोणती औषधे किती दिवस दिली. ‘समलिंगी असल्याचा संशय’ एवढेच लिहून रुग्णाच्या हाती चिठ्ठी देऊ नये. ती तो बाहेरच्या बाकावरच उघडतो, आणि संशय कोणाचा, त्याचा की वैद्यांचा, यावर पुढचा महिना घालवितो. पत्र बंद लिफाफ्यात द्यावे, आणि त्यात काय लिहिले आहे ते त्याला आधी वाचून दाखवावे.